हॅननचे साठ व्यायाम : सूर ठेवा, सूचना खोडा

मुंबई, पुणे असो की गोवा, पियानो शिकणाऱ्याची दोन-तीन वर्षं झाली की त्याच्या पिशवीत एक पुस्तक हमखास येतं : शार्ल-लुई हॅननचं ‘द व्हर्च्युओसो पियानिस्ट’. हॅनन (1819-1900) हा फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर गावचा ऑर्गनवादक आणि शिक्षक. पुस्तक 1873 सालचं. शंभराहून अधिक पानांत साठ व्यायाम आहेत, आणि सगळे पाठ झाले की पूर्ण पुस्तक तासाभरात वाजवून होतं असा लेखकाचा दावा आहे. बोटं मजबूत होतील, पाचही बोटं सारखी होतील, मग कुठलीही अवघड रचना वाजवता येईल, असं त्याचं आश्वासन.

माझं मत आधीच सांगतो. या पुस्तकातले सूर उपयोगी आहेत. ते कसे वाजवायचे याबद्दल छापलेल्या सूचना मात्र हाताला घातक आहेत. पुस्तक घ्या, पण सोबत पेन्सिल ठेवा आणि काही ओळी खोडूनच सुरुवात करा. कुठल्या आणि का, ते पुढे येईलच.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. 1 ते 20 मध्ये पाच बोटांचे छोटे आकृतिबंध; एकेक पायरी चढत वर जायचं आणि उतरत खाली यायचं. 21 ते 43 मध्ये लांब आकृतिबंध, अंगठा खालून नेण्याची तयारी, सगळ्या मेजर-मायनर स्केल, क्रोमॅटिक स्केल (पांढऱ्या-काळ्या सगळ्या पट्ट्या ओळीने) आणि आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून). 44 ते 60 मध्ये एकाच सुराची झपाट्याने पुनरावृत्ती, ट्रिल (शेजारचे दोन सूर झपाट्याने आलटून-पालटून), थर्ड, सिक्स्थ, ऑक्टेव्ह (तीन, सहा, आठ पट्ट्यांच्या आवाक्यातली सुरांची जोडी) आणि शेवटी ट्रेमोलो (दूरचे दोन सूर झपाट्याने आलटून-पालटून). पहिला भाग सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि सर्वांत जास्त हात त्याच भागात आखडतात.

खोडायची पहिली सूचना म्हणजे बोटं उंच उचला. हॅनन हे पहिल्या पानापासून सांगतो. पियानोची पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते. ती खाली न्यायला चांगल्या ग्रँड पियानोवर सुमारे 50 ग्रॅम वजन पुरतं. आवाज किती मोठा येणार हे हातोडी तारेकडे किती वेगाने फेकली जाते यावर ठरतं, आणि पट्टी तळाला टेकण्याच्या जरा आधीच हातोडी यंत्रणेपासून सुटलेली असते. म्हणजे बोट तीन सेंटिमीटर उंच नेलं तर पट्टीला हात लागेपर्यंतचा सगळा प्रवास हवेतला. आणि पट्टी तळाला गेल्यावर आणखी दाबलं तर आवाजात काडीचाही फरक पडत नाही, फक्त बोटाच्या सांध्यांवर आणि कंडरांवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांवर) भार येतो.

उंच उचलण्याचा त्रास फुकट गेलेल्या श्रमापुरता राहत नाही. बोटं हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नाहीत, ते फोअरआर्ममध्ये, म्हणजे कोपर ते मनगट या भागात आहेत. तिथून लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. बोट उचलणारे स्नायू वरच्या बाजूला, वाकवणारे खालच्या बाजूला. एक गट आवळला की दुसऱ्याने सैल पडायचं, ही नैसर्गिक व्यवस्था. चार बोटं उंच धरून पाचवं खाली आपटायचं म्हटलं की दोन्ही गट एकाच वेळी ताणलेले राहतात. मनगट कडक होतं, फोअरआर्मच्या वरच्या भागात कोपराजवळ जडपणा येतो. बरेच विद्यार्थी त्या जडपणाला ‘बोटं मजबूत होताहेत’ असं समजतात. तो थकलेल्या, एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या स्नायूंचा जडपणा असतो.

अनामिकेची गोष्ट तर वेगळीच. व्यायाम 2 च्या टिपेत हॅनन चौथ्या-पाचव्या बोटांचं (अंगठा पहिलं, करंगळी पाचवं) नाव घेऊन सांगतो की ही कमजोर बोटं इतरांइतकी बलवान होतील. आपला हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि अनामिका उचलून बघा. जवळजवळ हलत नाही. कारण हाताच्या पाठीवर अनामिकेची उचलणारी कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असते. ही शरीररचना आहे, सरावाने ती बदलत नाही. अनामिकेला उंच उचलण्याचा हट्ट धरला की तो ताण शेजारच्या बोटांना आणि मनगटाला भोगावा लागतो. तिला उचलायची गरजच नाही. पट्टी सोडण्यापुरती ती मोकळी झाली की झालं, खाली जायचं काम हात वळवून करता येतं. पोलिश संगीतकार शोपँ शिकवताना प्रत्येक बोटाचा आपापला स्वभाव मानून चालायचा. 1873 पर्यंत त्याला जाऊन चोवीस वर्षं झाली होती, म्हणजे हे शहाणपण हॅननच्या आधीच उपलब्ध होतं.

दुसरी खोडायची सूचना : न थांबता पुढच्या क्रमांकाकडे जा. एक व्यायाम संपला की शेवटच्या सुरावर न थांबता पुढचा सुरू करायचा आणि व्यायाम साखळीने वाजवायचे, असं पुस्तक सांगतं. वेग मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांपासून 108 पर्यंत. 108 ला एका ठोक्यात चार सूर म्हणजे मिनिटाला 432, सेकंदाला सात. दोन्ही हात तेच करताहेत. स्नायूला सैल पडायला क्षणही नाही, आणि एकाच कंडरेची तीच हालचाल शेकडो वेळा. दुखापतीला लागणारा मसाला इथे सगळा जमा आहे : पुनरावृत्ती, ताण, विश्रांतीचा अभाव, आणि वर ‘थकलात तरी चालू ठेवा, त्यानेच ताकद येते’ ही शिक्षकांकडून शिक्षकांकडे आलेली समजूत.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण पुस्तकात ती असणं शक्य नव्हतं. अनेक जण पेटीवरून पियानोकडे येतात. पेटीत सूर पट्टी दाबून धरली तोवर वाजतो आणि त्याचा जोर भात्यातून येतो. बोट कितीही वेगाने पडलं तरी आवाज तोच. त्यामुळे पट्टी तळाशी घट्ट धरून ठेवायची सवय असते. पियानोवर ही सवय महागात पडते. जोर बोटाच्या दाबातून आणायचा प्रयत्न सुरू होतो आणि प्रत्येक सुराच्या तळाशी हात अडकून बसतो. शिवाय पेटीवर एक हात भात्यावर असतो, बैठक जमिनीवर, पट्ट्या आखूड. पियानोवर बसताना हे सगळं नव्याने जुळवावं लागतं.

बैठकीपासूनच सुरू करू. पियानोच्या पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण 72 ते 74 सेंटिमीटरवर असतो. खांदे सैल सोडून दंड सरळ खाली लोंबू द्या, कोपर वाकवा. कोपराची खालची बाजू पट्ट्यांच्या पातळीला किंवा अगदी थोडी वर यायला हवी. डायनिंग टेबल 75 सेंटिमीटरचं, त्यावर 15 सेंटिमीटर उंचीचा डिजिटल पियानो, समोर 43 सेंटिमीटरची प्लास्टिकची खुर्ची, ही मांडणी घरोघर दिसते. त्यात पट्ट्या जवळजवळ 90 सेंटिमीटरवर जातात, खांदे उचलले जातात, मनगट मागे मोडतं, आणि मग हॅनन सोडा, साधं गाणंही दुखवतं. कमी-जास्त होणारा स्टँड घ्या किंवा खुर्चीवर घट्ट उशी, जाड पुस्तकं ठेवून उंची वाढवा. लहान मुलांची उंची वाढवली की पाय अधांतरी राहतात, म्हणून पायाखाली पाट हवाच. बसायचं खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर. अंतर इतकं की दोन्ही मुठी पट्ट्यांच्या बाहेरच्या कडेला टेकवल्यावर कोपर शरीराच्या किंचित पुढे राहील.

आता व्यायाम 1. उजव्या हातात सा-ग-म-प-ध-प-म-ग म्हणजे सी-ई-एफ-जी-ए-जी-एफ-ई, बोटं 1-2-3-4-5-4-3-2. मग तोच आकार डी पासून. डाव्या हातात तेच सूर एक सप्तक खाली, बोटं 5-4-3-2-1-2-3-4. इथे एक बारकावा आहे, पुस्तकही तो व्यायामाच्या वर नोंदवतं. चढताना सी ते ई ही दोन सुरांमधली मोठी फट उजव्या हातात अंगठा-तर्जनीकडे येते, म्हणजे सोपी. डाव्या हातात तीच फट करंगळी-अनामिकेकडे जाते. म्हणून चढताना आधी डावा हात आखडतो आणि उतरताना उजवा. ‘माझा डावा हात कमजोर आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचा हात कमजोर नसतो, त्याला सूर अवघड मिळालेले असतात.

उपाय : ती फट ताणून धरायची नाही. करंगळीने सी वाजला की संपूर्ण हात, मनगट आणि फोअरआर्मसकट, सेंटिमीटरभर उजवीकडे सरकू द्या, म्हणजे अनामिका ई वर आपोआप येते. प्रत्येक बोट वाजताना फोअरआर्मची रेषा त्या बोटाच्या मागे यायला हवी. मनगटातून हात करंगळीकडे मुरगळून बोट पोहोचवायचं नाही. आठ सूर संपल्यावर पुढच्या आकृतीसाठी अंगठा लांबवून डी शोधायचा नाही. शेवटच्या सुरावर हात किंचित मिटू द्या आणि मिटलेलाच पुढच्या पट्टीवर न्या.

आणि उचलायचं किती? वाजवून झालेलं बोट पट्टी वर येईल तेवढंच उठतं, पट्टीचा स्पर्श सुटत नाही. सूर वाजला की तळावर दाब शून्याकडे. पट्टी खाली राहायला बोटाचं नुसतं वजन पुरतं. तपासायची पद्धत सोपी आहे : कुठल्याही सुरावर अचानक थांबा आणि दुसऱ्या हाताने मनगट हलकेच वर-खाली हलवा. सहज डोललं तर बरोबर. अडलं तर त्या सुराच्या आधीच्या दोन सुरांत काहीतरी आवळलेलं आहे, तिथे परत जा.

यापुढची पायरी म्हणजे फोअरआर्मचं वळणं, आणि त्यासाठी पहिल्या वीसांतला सर्वोत्तम क्रमांक माझ्या मते 6 आहे. उजव्या हातात सी-ए-जी-ए-एफ-ए-ई-ए, बोटं 1-5-4-5-3-5-2-5. प्रत्येक दुसरा सूर करंगळीचा. फक्त बोटांनी वाजवला तर पाच-सहा ओळींत करंगळीच्या बाजूला जळजळ सुरू होते. त्याऐवजी कुलुपात किल्ली फिरवतो तसा फोअरआर्म अंगठ्याकडून करंगळीकडे आणि परत असा फिरवा. आधी फक्त 1-5, 1-5, मोठ्या वळणाने, मिनिटाला साठ वळणं. मग 5-4, 5-3, 5-2. बोटं जवळ येत जातात तसं वळण लहान होत जातं. 5-4 मध्ये ते डोळ्यांना जेमतेम दिसतं, पण हाताला जाणवायला हवं. कोपर बाहेर फडफडत असेल तर वळण खांद्यातून येतंय. दंड शांत ठेवून पुन्हा करा. बोटं अगदी ढिली सोडली तरी चालत नाही. पट्टीवर उभं राहण्याइतका बोटाचा आकार टिकायला हवा, नाहीतर टोकाजवळचा सांधा आत मोडतो आणि वळणाचा जोर पट्टीपर्यंत पोहोचतच नाही.

मेट्रोनोमबद्दल. 60, 63, 66 करत एकेक खाच वाढवण्याची रीत पुस्तकाशी घट्ट जोडलेली आहे. तिची अडचण अशी की सावकाश वाजवताना मोठी हालचाल खपून जाते, आणि तीच मोठी हालचाल 90-95 च्या आसपास मावेनाशी होते. तिथे विद्यार्थी अडकतो आणि ताकद लावू लागतो. त्यापेक्षा चार सूर घ्या, 108 च्याच वेगाने वाजवा आणि चौथ्यावर थांबा. हात पूर्ण सैल होईपर्यंत थांबा. मग पुढचे चार. चार-चारचे गट विनाताण झाले की पाच-पाच, म्हणजे पुढच्या गटाच्या पहिल्या सुरावर उतरून थांबायचं. मग आठ-एक. या रीतीने छोटी, वेगवान, सैल हालचाल आधी शिकली जाते आणि लांबी नंतर वाढते. सावकाश सरावही करायचाच, पण त्यात हालचाल वेगवान वाजवतानाच्या आकाराचीच असायला हवी.

दोन बदल प्रत्येकाने करावेत असं मला वाटतं. पहिला, हातांची दिशा. पहिल्या भागात दोन्ही हात सतत एकाच दिशेने जातात, म्हणून एका बोटाचा त्रास दुसऱ्या हाताच्या वेगळ्याच बोटाच्या मागे लपतो. डी या पट्टीभोवती पांढऱ्या-काळ्यांची रचना आरशासारखी आहे. उजवा हात डी-एफ-जी-ए-बी-ए-जी-एफ असा वर, डावा एक सप्तक खालच्या डी पासून डी-बी-ए-जी-एफ-जी-ए-बी असा खाली. दोन्हींत बोटं 1-2-3-4-5-4-3-2. आता दोन्ही हातांत एकाच क्षणी तेच बोट वाजतं. ज्या हातात सैलपणा आहे तो दुसऱ्याला शिकवतो. हे करून बघितल्याशिवाय त्याचा फायदा कळत नाही.

दुसरा बदल, स्केल. पहिले 31 व्यायाम सी मेजरमध्ये, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर. वाचायला सोपं, हाताला गैरसोयीचं. लांब बोटं वाकवून आखूड बोटांच्या रांगेत आणावी लागतात. शोपँ हाताची पहिली ठेवण ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी अशी शिकवायचा : लांब बोटं काळ्यांवर, अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर, आणि स्केलची सुरुवात बी मेजरपासून. व्यायाम 1 पाठ झाला की तो डी फ्लॅट मेजर आणि बी मेजरमध्ये न्या. तिथे हात पट्ट्यांच्या आत-बाहेर सरकायला शिकतो. पांढऱ्यांच्या कडेवर बसून राहिलेल्या हाताला ते कधीच जमत नाही. रशियन कॉन्झर्व्हेटरीतल्या परीक्षेबद्दल रशियन पियानोवादक-संगीतकार रखमानिनॉफने सांगितलेलं आहे की तिथे हॅननच्या क्रमांकाची मागणी व्हायची आणि विद्यार्थ्याला तो सांगतील त्या स्केलमध्ये वाजवून दाखवावा लागायचा. पुस्तकाचा तो वापर शहाणपणाचा होता.

मधला भाग पटकन सांगता येईल. 39 मधल्या स्केल, 40 क्रोमॅटिक, 41 ते 43 आर्पेजिओ हे संदर्भ म्हणून उत्तम. बोटांचे क्रमांक एकाच ठिकाणी आणि बहुतांशी बरोबर. परीक्षेच्या तयारीला एवढा भागही पुरेसा आहे. 32 ते 36 अंगठा खालून नेण्याचे. ते सावकाश वेगातच खरे. जलद स्केलमध्ये अंगठा तळव्याखाली पूर्ण घुसत नाही. तिसरं बोट वाजत असताना फोअरआर्म पुढे सरकतो आणि अंगठा नव्या जागी उतरतो, मध्ये कानाला न कळणारी बारीक फट राहते. अंगठा करंगळीच्या दिशेला ओढत नेण्याचा हट्ट धरला की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखायला लागतं. क्रमांक 37 तर मी वगळायलाच सांगेन : तीन मधली बोटं पट्ट्यांवर दाबून धरायची आणि बारा मापं (स्वरलेखनातले उभ्या रेघांमधले तुकडे) फक्त अंगठ्याने वाजवायची. ज्या क्षणी हाताने मोकळं होऊन सरकायला हवं त्याच क्षणी त्याला खिळे ठोकून ठेवणारा हा व्यायाम आहे.

तिसरा भाग अनुभवी हातांसाठीच, आणि तिथेही निवडून. 44 ते 47 चांगले. एकाच पट्टीवर बोटं बदलताना हात पट्टीच्या कडेकडे किंचित मागे खेचला जायला हवा. 46 मधले ट्रिल फोअरआर्मच्या वळणाने केले तर सुरेख. 48 मध्ये मनगटातून थर्ड आणि सिक्स्थ. अर्धं पान पुरे, कारण मनगट एकटं उडवत राहिलं की तेच पटकन आखडतं, फोअरआर्मची साथ हवी. 49 मध्ये दुसऱ्या-पाचव्या बोटांमधलं अंतर ताणायचं आहे. ते सोडा. हात स्थिर ताणून मोठा होत नाही.

ऑक्टेव्हचे 51, 53, 56, 57, 58 हातांच्या मापावर अवलंबून. प्रमाण पियानोवर सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी सुमारे 16.5 सेंटिमीटर आणि ऑक्टेव्हच्या दोन टोकांमधलं अंतर 19 च्या जवळ जातं. ज्यांच्या हातात ऑक्टेव्ह जेमतेम बसतो त्यांचा तळवा ऑक्टेव्ह धरल्याबरोबरच ताठतो. त्यांनी 58 मधले धरून ठेवायचे ऑक्टेव्ह करू नयेत. 53 करायचं तर दोन-दोन सूर वाजवून हात मिटू द्यायचा, परत उघडायचा. अरुंद पट्ट्यांचे कीबोर्डही आता बनतात, सप्तक 6 इंच किंवा 5.5 इंचांचं, आणि लहान हातांसाठी ते खरं उत्तर आहे. दोष हाताचा नाही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ठरून गेलेल्या मापाचा आहे.

60 वा ट्रेमोलो हा पुस्तकातला सर्वांत उपयोगी तुकडा, आणि सर्वांत धोक्याचाही. बेथोव्हेनच्या ‘पाथेटीक’ सोनाटाची पहिली मूव्हमेंट वाजवताना डाव्या हाताच्या ऑक्टेव्ह ट्रेमोलोमध्ये ज्यांचा हात दगड होतो, त्यांनी आधी या पानाशी मैत्री करावी. क्रम असा : आधी फक्त करंगळीचे सूर, प्रत्येकावर फोअरआर्म तिच्याकडे वळवून, अंगठा पट्टीवर नुसता टेकलेला. मग फक्त अंगठ्याचे. मग चार सूर आणि थांबा. मग आठ. जोर करंगळीवर, अंगठा अगदी हलका, कारण अंगठा जड झाला की वळण तिथेच अडतं. बोटं पट्ट्यांपासून उठतच नाहीत. ‘पाथेटीक’ मध्ये हा ट्रेमोलो हळू आवाजात सुरू होतो; तिथेच जोर लावून टाकला तर पुढे वाढवायला हातात काही उरत नाही. सलग चार मापांपलीकडे हात तापला तर मागे जा, वेग कमी करू नका, गट लहान करा.

पण पुस्तकाच्या आश्वासनाचं काय, की हे झालं म्हणजे कुठलीही रचना येईल? तसं होत नाही. शोपँचा एट्यूड (तंत्राच्या सरावाची रचना), ओपस 10 क्रमांक 1 घ्या. उजव्या हाताची पहिलीच आकृती सी-जी-सी-ई, बोटं 1-2-4-5, अंतर दहा पट्ट्यांचं, आणि शोपँने दिलेला वेग 176. चार सुरांचा हा आवाका हात ताणून धरायला गेलं तर दुसऱ्या ओळीत करंगळीची बाजू बधिर होते. इथे वाजलेलं बोट लगेच सुटतं, हात मिटत मिटत वर जातो आणि फोअरआर्म प्रत्येक बोटाच्या मागे जाऊन उभा राहतो. हॅननचा 49 वा व्यायाम याच्या नेमकं उलट शिकवतो, आणि पहिल्या वीसांत हाताला असा लांब प्रवास कुठेच नाही. ओपस 10 क्रमांक 2 मध्ये तिसरं, चौथं, पाचवं बोट क्रोमॅटिक धावतात आणि त्याच हाताचा अंगठा-तर्जनी खाली छोटे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवतात. लोक चौथ्या-पाचव्या बोटांना दोष देऊन हॅनन 2 कडे धावतात. बहुतेक वेळा दोष कॉर्डचा असतो : तो आखूड लिहिलेला आहे, पण अंगठा-तर्जनी वाजवून झाल्यावरही चिमटीत आवळलेली राहतात. कॉर्ड वाजताक्षणी चिमटी सोडली की वरची बोटं मोकळी पळतात.

हॅननमध्ये काय नाही याची यादी मोठी आहे. दोन हातांत वेगवेगळं काम नाही, एका हातात दोन आवाजांचं संतुलन नाही, पेडल नाही, उड्या नाहीत, आवाजाच्या छटांबद्दल जवळजवळ काही नाही. कान झोपवून वाजवण्याची सवय या पुस्तकाने लागू शकते, आणि कान झोपला की हात कधी आवळला तेही कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी काहीतरी ऐकायचं ठरवून बसावं : आज चौथ्या सुरापर्यंत आवाज वाढवत न्यायचा, आज उजवा हात मोठा आणि डावा अगदी मंद, आज सगळं कुजबुजल्यासारखं.

दिवसाला दहा मिनिटं पुरे. दोन किंवा तीन क्रमांक, प्रत्येकाच्या मध्ये हात मांडीवर ठेवून पूर्ण विसावा. थंड हातांनी सुरू करू नये. गार सकाळी आधी कोमट पाण्यात हात धरणं हा जुना आणि खरा उपाय. थांबण्याच्या खुणा नीट ओळखा. फोअरआर्ममध्ये जळजळ : त्याच क्षणी थांबा, पाच मिनिटं चाला. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात टोचणारी कळ : त्या दिवशी सराव बंद. रात्री बोटांना मुंग्या, बधिरपणा, किंवा एखादं बोट न विचारता आत वळू लागणं : डॉक्टरकडे, आणि शक्यतो हातांच्या विकारांचा अनुभव असलेल्या. अशा वेळी बाम लावून परीक्षेपर्यंत रेटणं धोक्याचं आहे. रशियन संगीतकार स्क्रियाबिनने 1891 च्या सुमारास लिस्टची डॉन ज्युआनवरची रचना आणि बालाकिरेव्हचं ‘इस्लामे’ यांचा अतोनात सराव करून उजवा हात दुखावून घेतला होता. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशरचा उजवा हात 1960 च्या दशकात फोकल डिस्टोनियाने (बोटं आपोआप आवळणारा चेताविकार) गेला आणि दोन्ही हातांनी मंचावर नीट परतायला त्याला तीन दशकं लागली. दोघेही कमकुवत बोटांचे नव्हते.

विकत घ्यायचं तर दोन आवृत्त्या सहज दिसतात. शर्मरची पिवळ्या मुखपृष्ठाची, मालिकेत क्रमांक 925, थिओडोर बेकरच्या इंग्रजी भाषांतरासह. छपाई जुनी आणि दाट, पण स्वस्त. नवी असताना ती स्टँडवर उघडी राहत नाही. पाठीवरची घडी आधी हाताने नीट मोडून घ्यावी. अल्फ्रेडची अ‍ॅलन स्मॉलने संपादित केलेली आवृत्ती थोडी महाग, सूर मोठे, आणि वायरसारख्या बांधणीत मिळाली तर सपाट उघडते. वाचताना मान पुढे काढणाऱ्या मुलांसाठी हीच घ्या, कारण वाकलेली मान खांद्यांना आणि खांदे मनगटांना आखडवतात. मुंबईत धोबी तलावच्या फुर्तादोससारख्या वाद्यांच्या दुकानांत विचारावं. मूळ पुस्तकावरचा हक्क कधीच संपलेला असल्याने जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन इंटरनेटवर कायदेशीररीत्या फुकट मिळतात. 1, 2, 6, 39, 46 आणि 60 एवढीच पानं छापून घेतली तरी दोन वर्षांचं काम होतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांना हे पुस्तक देऊ नये. प्रौढ वयात पियानो सुरू करणाऱ्यांनी आधी 1 आणि 6 आरशासारखे करावेत, चार-चार सुरांत. शिकवणाऱ्यांना एक विनंती : ‘बोटं उंच’ ही सूचना ज्या पानांवर आहे, तिथे पुस्तक विद्यार्थ्याच्या हातात देण्याआधीच त्या सूचनेवर काट मारा, आणि बाजूला लिहा, ‘पट्टी सोडू नका, तळाला दाबू नका’.